कोळपेमामांची डावी बाजू

कोळपेमामांना मी बसलेलं फार थोड्या वेळा पाहिलं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा मीच त्यांना बसवलं होतं. एरवी ते उभे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, आणि फोनवर बोलणं तर गेटपासून नळापर्यंत येरझाऱ्या घालत. समोरच्यानं फोन ठेवला तरी त्यांच्या दोन फेऱ्या जास्तीच्या व्हायच्या. पायाला भिंगरी म्हणतात ती या माणसाच्या बाबतीत अतिशयोक्ती नव्हती, उलट कमीच पडायची. बजाजनगरमध्ये त्यांची आणि आमची भिंत एक होती. सकाळी त्या भिंतीपलीकडून हत्यारांच्या पेटीचं झाकण वाजलं की समजायचं, मामांची कारखान्यात पहिली पाळी नाही आणि आज गल्लीतल्या कुणाच्या तरी दाराची कडी त्याच्या मनात असो वा नसो दुरुस्त होणार.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांना तीनदा पंगतीला बसवलं. पहिल्यांदा ते जनरेटर का कुरकुरतोय ते बघायला उठले, दुसऱ्यांदा पाण्याचं पिंप ओढायला. तिसऱ्यांदा का उठले ते त्यांनाही सांगता आलं नाही. अल्बममध्ये त्या पंगतीचा एक फोटो आहे. दोन्ही बाजूंची माणसं खाली माना घालून जेवतायत आणि मधल्या पाटासमोर वाढलेलं ताट आहे, पाटावर कोणी नाही. आमच्याकडे तो फोटो अजून 'कोळपेमामांचा फोटो' म्हणूनच ओळखला जातो.

भानुदास कोळपे मूळचे वैजापूरकडचे. घरची मेंढरं होती. वडील आणि थोरला भाऊ वर्षातले आठ महिने मेंढरांमागे रानोमाळ, आणि शाळा सुटल्यावर हेही त्यांच्यात. एकोणिसाव्या वर्षी ते वाळूजला आले आणि एका कारखान्याच्या प्रेस शॉपला लागले. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा त्यांची तिथं तीस वर्षं होत आली होती. प्रेसचं काम सांगायला सोपं आहे. पत्रा ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. वरून धाडकन डाय, म्हणजे लोखंडी साचा, येते आणि पत्र्याची बिजागरी होते. पुन्हा पत्रा, पुन्हा बटणं. दोन बटणं अशासाठी की एकही हात आत राहू नये. तरी त्या खात्यातल्या कितीतरी जणांची बोटं अर्धी आहेत. मामा नव्या माणसासमोर नमस्काराच्या आधी दोन्ही पंजे पसरायचे आणि म्हणायचे, "मोजा. दहाची दहा." समोरचा हसला तर त्यांना राग यायचा.

सुट्टीच्या दिवशी ते गाडी काढून शहराच्या या टोकापासून त्या टोकाला, चिकलठाण्याच्या बाजारात मेंढ्या-बकऱ्या बघायला जायचे. नुसत्या बघायला. लोकर फाकवून बघायचे, दात बघायचे, तासभर भाव करायचे आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन घरी यायचे. गोदामामींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, कायम धास्ती, की एक दिवस हा माणूस खरंच एखादं जनावर आणेल आणि मोरीत बांधेल.

आणि ती गाडी. जुनी, शंभर सीसीची, तिचा मूळचा रंग कुठला हा वादाचा विषय होता. गाडीवर मात्र मामा निवांत असत. अंग स्थिर, चेहरा शांत, जे काही फिरायचं ते चाकं फिरतायत. या माणसाला बसण्यासाठी देवानं जगात एकच जागा केली होती आणि तिला हँडल होतं.

मी उस्मानपुऱ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नजर तपासायचं काम करते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे बाजूची नजर तपासायचा व्हीआर चष्मा आला. चष्मा म्हणजे पोहणाऱ्याच्या गॉगलचा थोरला भाऊ. आधी यासाठी अंधाऱ्या खोलीत मोठं घुमटासारखं मशीन होतं, त्यात हनुवटी ठेवून पेशंटची मान अवघडायची. आता डोक्याला पट्टा बांधला की झालं. आत मधोमध एक ठिपका दिसतो, त्याच्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला बारीक उजेड चमकून जातो, तो दिसला की हातातलं बटण दाबायचं. जिथला उजेड दिसतो तिथं नजरेच्या नकाशात हिरवं येतं, दिसत नाही तिथं काळं पडतं. काचबिंदूत नजर अशी कडेकडेनं जाते, समोरचं स्वच्छ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मला दोन दिवसांचं शिक्षण मिळालं आणि तिसऱ्या दिवसापासून मी असं वागायला लागले की जणू तो चष्मा मीच शोधून काढलाय.

त्या हिवाळ्यात मामा स्वतःहून आले. कधी नव्हे ते गेटमध्ये थांबून म्हणाले, "वैशू, डोळे बघ बरं जरा. डाव्या अंगाचा चहाचा कप सारखा सांडायलाय." आमच्या डॉक्टर मॅडमना त्यांच्या डोळ्याचा दाब थोडा वरचा वाटला, आतली नसही संशयास्पद. बाजूची नजर तपासा म्हणाल्या. मी मामांना बसवलं, चष्मा चढवला, हातात बटण दिलं. ज्या माणसाला वाढलेलं ताट बसवू शकलं नाही तो आत ठिपका दिसताच दगडासारखा झाला. इतका स्थिर पेशंट मी तोवर पाहिला नव्हता. बाकीचे लोक माना हलवतात, बोलतात, 'आता काय दिसणारे?' विचारतात. मामांची नजर तसूभर हलली नाही. अंगठा मात्र चालू. नकाशा आला तो सगळा हिरवा.

कोपऱ्यात एक आकडा असतो. उजेड नसताना पेशंटनं किती वेळा बटण दाबलं, ते मशीन मधूनमधून गुपचूप तपासतं आणि तिथं लिहितं. त्या दिवशी तो आकडा फार मोठा होता. मी तो पाहिला नाही. पाहिला असेन तर वाचला नाही. हिरवा नकाशा बघून मला इतका आनंद झाला होता, आपल्या माणसाचं चांगलं निघालं होतं. मी म्हणाले, "छान आहे मामा. एकदम छान." मॅडमनी एक थेंब लिहून दिला आणि सहा महिन्यांनी बोलावलं.

दुसऱ्या दिवसापासून मामा मला दवाखान्यात सोडायला लागले. पाळी असेल तसं, आठवड्यातून तीन-चार दिवस. "बसच्या नादी कशाला लागतेस, मी हाय की." मला वाटलं, तपासणीची परतफेड चाललीय. मी मजेत मागं बसायचे, रस्त्यावरच्या लोकांकडे बघत.

पाच महिन्यांनी, उस्मानपुऱ्याच्या चौकाच्या थोडं अलीकडे, डाव्या गल्लीतून एक रिक्षा हळूहळू बाहेर आली. हळूहळू, हे मला नीट आठवतं. मला ती लांबूनच दिसली. मामा वेग कमी करतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी केला नाही, मान हलवली नाही, ब्रेकवर पाय गेला नाही. आम्ही सरळ तिच्यावर गेलो. माझं मनगट मोडलं, मामांचा गुडघा फुटला. रिक्षावाला भांबावून म्हणत होता, "चाचा, किधर देख रै थे तुम? मैं तो कब्बी का खडा था." मामा रस्त्यावर बसूनच त्याला विचारत होते, "पर तू आया कहाँ से?" ते भांडत नव्हते. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

हाताला प्लास्टर घालून मी आधी दवाखान्यात गेले आणि पाच महिन्यांपूर्वीचा कागद काढला. कोपऱ्यातला आकडा वाचला.

दोन दिवसांनी मामांना पुन्हा बसवलं. यावेळी मी पडद्याकडे बघितलंच नाही, त्यांच्या अंगठ्याकडे बघत राहिले. टक. टक. टक. अंतर सारखं, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. मग मी त्यांना न सांगता मशीन थांबवलं. आत आता नुसता ठिपका होता. एकही उजेड येत नव्हता, येणार नव्हता.

अंगठा चालूच राहिला. टक. टक. टक.

मी ते टकटक मोजत गेले. शेवटी म्हणाले, "मामा, मशीन बंद आहे."

अंगठा थांबला. चष्म्याखालचं त्यांचं तोंड तेवढं दिसत होतं, ते थोडं उघडलं. मग ते हळूच म्हणाले, "हात जातोय माय. हात नाय गेला तर लाईन थांबते."

तिसाहून जास्त वर्षं एकाच ठेक्यानं दोन बटणं दाबणाऱ्या माणसाच्या हातात मी बटण दिलं होतं आणि समोर बघ म्हणाले होते. फसवणूक त्यांनी केली नव्हती. दिसलं म्हणून दाबलं की दाबलं म्हणून दिसल्यासारखं वाटलं, हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं. त्यांचं काम मला माहीत होतं, ते हात मी रोज बघत होते आणि आकडा वाचण्यासाठी मला पगार मिळत होता.

मग मी टेबलावर चमचा आपटला की दाबायचं, नाही आपटला तर नाही, असा सराव त्यांच्याकडून तीन दिवस करून घेतला, ठेका मोडेपर्यंत. कधी दोनदा लागोपाठ, कधी मिनिटभर काही नाही. त्या रिकाम्या मिनिटात मामांना घाम यायचा. शेवटी खरा नकाशा आला. डाव्या अंगाचं जवळजवळ सगळं काळं, दोन्ही डोळ्यांत कमीजास्त.

मॅडमनी ऑपरेशन सांगितलं, उरलेली नजर वाचवायला. गेलेली परत येत नाही हेही सांगितलं आणि गाडी बंद म्हणाल्या. मामांनी ऑपरेशनला हो म्हटलं, थेंबांना हो म्हटलं. कारखान्यात त्यांना प्रेसवरून काढून तपासणीच्या टेबलाला दिलं तेही मान्य केलं. गाडीचं नाव निघालं की मात्र उठून खिडकीशी जायचे. एकदा मला म्हणाले, "गाडी गेली तर मी बसू कुठं?" मी हसले, आणि ते हसले नाहीत.

त्याच चष्म्यात सरावाचा एक कार्यक्रम होता. आत एक रस्ता दिसतो, दोन्ही बाजूंनी सायकली, कुत्री, हातगाड्या येतात, आपण डोकं फिरवून त्या हुडकायच्या. गेलेली बाजू उगवत नाही, पण मान फिरवायची सवय लागली तर माणूस तिथलंही बघू शकतो. हे मी मामांना दहा वेळा सांगितलं. त्यांनी दहाही वेळा मान डोलावली आणि मनात ठरवून टाकलं की हा खेळ जिंकला की गाडी परत. मला ते दिसत होतं. तरी मी पुरेशा कडकपणे बोलले नाही, कारण ते येत होते, आणि ते येत होते तोवर मला बरं वाटत होतं.

पहिल्या दिवशी त्यांची मान फिरेचना. मी मागं उभी राहून एका चांगल्या हातानं त्यांचं डोकं डावीकडे ढकललं, तर ते गंजलेल्या नळासारखं अडलं. म्हणाले, "मशीनवर मान हलली की बोट जातंय. नाकासमोर बघितलं म्हनून तर दहाची दहा हायेत." मी म्हणाले, "आणि मेंढरांमागं कसं बघायचात?" मग पहिल्यांदा मान निघाली, डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत, संथ, आणि परत. "नाकासमोर बघणाऱ्याचं एक बी मेंढरू संध्याकाळी घरी येत नाय," एवढं म्हणून त्यांनी एक कुत्रं हुडकलं.

त्यानंतर मामा हटून बसले, म्हणजे खरोखर बसले. पाळी सुटली की बस पकडून दवाखान्यात. अर्धा तास खेळ, मग मला विचारणं, आज किती? घरी मोरीपासून गेटपर्यंत मान फिरवत येरझाऱ्या. गल्लीतली माणसं विचारायची, काय हरवलं काय मामा? मामींचं डोकं उठलं होतं. "आधी नुसते पाय हलत व्हते, आता मुंडकं बी हलायलंय," त्या म्हणायच्या. दोन महिन्यांनी खेळानं त्यांना शंभरात ब्याण्णव गुण दिले. मामांनी चष्मा काढला, केस नीट केले आणि विचारलं, "आता गाडी?"

मी म्हणाले, "नाही."

"मशीन ब्याण्णव म्हनायलंय."

मी सांगितलं की चष्म्यातली हातगाडी कुणाला लागत नाही. तुम्ही डावीकडे बघता तेव्हा उजवीकडचं जातं, आणि गाडीच्या वेगात मान तितकी फिरत नाही. ब्याण्णव चालणाऱ्या माणसाचे आहेत, चालवणाऱ्याचे नाहीत. मला वाटलं ते भडकतील. ते उठले, दारापर्यंत गेले, परत आले आणि उभ्यानंच विचारलं, "त्या पाच महिन्यांत किती गेलं?"

हा प्रश्न येणार हे मला रोज माहीत होतं. "किती ते सांगता येणार नाही, मामा. पण गेलं. मी तेव्हा नीट बघितलं असतं तर ऑपरेशन आधी झालं असतं. चूक माझी होती." माझा आवाज फुटला, आणि त्याचा मला त्याही क्षणी राग आला, कारण रडायचा हक्क त्यांचा होता.

मामा खिडकीशी गेले. मग म्हणाले, "मला शंका व्हती गं. म्हनूनच मी कुनाला गाडीवर मागं बसवायचं सोडलं व्हतं, हिला सुदिक. तू छान म्हनलीस. म्हनून तुला बसवलं."

एवढं बोलून ते गेले. मी चष्मा हातात घेऊन तिथंच बसले. इतके दिवस मला वाटत होतं की ते मला परतफेड म्हणून सोडतात. त्यांनी माझ्या शब्दाची खात्री माझ्याच जिवावर करून घेतली होती, आणि तीही मनापासून विश्वास ठेवून.

पुढं दीड-दोन महिने भिंतीपलीकडून माझ्यासाठी हाक आली नाही. गाडी त्यांनी कुणाला तरी देऊन टाकली. मी गच्चीवर कपडे वाळत घालताना पाहिलं, एका सकाळी मागच्या मोकळ्या मैदानात गोदामामी सेकंडहँड स्कूटरवर बसल्या होत्या, साडीचा कासोटा खोचून, आणि मामा बाजूनं पळत होते. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या पहिल्यांदा काहीतरी चालवत होत्या. मामा एकाच वेळी सात सूचना करत होते. मामी थांबल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "शिकवा, पर धरू नका." दोघं दोनदा पडले. तिसऱ्या आठवड्यात मामी एकट्या किराणा आणायला गेल्या आणि मामा त्या परत येईपर्यंत गेटात उभे होते, मान फिरवत.

पावसाळा सरला तेव्हा ते तपासणीला आले. मदतीला आता एक नवी मुलगी होती, ती पुढं झाली. मामा माझ्याकडे बोट करून म्हणाले, "नाय, हिलाच करू द्या." मी उगाच पट्टा दोनदा घट्ट केला. नकाशा आला. काळं होतं तेवढंच होतं. मी आधी कोपरा वाचला, मग नकाशा, मग पुन्हा कोपरा.

"वाढलं नाही," मी म्हणाले.

"खरं?"

"खरं."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. निवृत्ती दोन महिन्यांवर आलीय आणि नंतर लेकीकडे जालन्याला राहायला जायचं ठरलंय, हे त्यांनी जाता जाता सांगितलं. ते गेलेही. पुढच्या तपासण्या तिकडेच होतात. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून त्या दुपारचं जरा नीट सांगते.

मी त्यांच्यामागोमाग खाली दारापर्यंत गेले. मामी स्कूटर चालू करून बसल्या होत्या. मामा मागं बसले, दोन्ही हात कुठं ठेवावेत ते न कळून शेवटी स्वतःच्या मांड्यांवर ठेवले. त्यांना रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं. जेवणाची वेळ, उस्मानपुऱ्याचा तो रस्ता कधी नव्हे इतका रिकामा. डावीकडे काही नव्हतं. उजवीकडे एक सायकलवाला, तोही लांब. मामींनी एक पाय जमिनीला टेकवला आणि थांबल्या. मागं मामांनी मान डावीकडे नेली, पार खांद्यापर्यंत. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. त्यांना वेळ लागत होता. सायकलवाला आला आणि निघूनही गेला. मामींना केव्हाचं सगळं दिसत होतं, त्यांनी ना हॉर्न वाजवला, ना मागं वळून पाहिलं. "चल," मामा म्हणाले, आणि मगच मामींनी पाय उचलला.